अंडी थांबली म्हणून कोंबडी कापायच्या आधी

दर पावसाळ्यात ओळखीतले चार-पाच जण तरी हाच प्रश्न घेऊन येतात. खाणं तेच, कोंबड्या त्याच, मग अंडी गेली कुठे? उत्तर मिळेपर्यंत धीर नसतो, गटारी तोंडावर आलेली असते, आणि दोन-तीन कोंबड्या पातेल्यात जातात. बहुतेक वेळा चुकीच्या.

मी हे स्वतः केलंय म्हणून सांगतो. लांजा तालुक्यात आमचं घर. परसात तेव्हा १९ कोंबड्या आणि २ कोंबडे होते. ११ गावरान, बाकीच्या गिरिराज आणि वनराज या सुधारित जातींच्या. मार्चमध्ये रोज ९-१० अंडी मिळायची, जुलैच्या मध्याला दोनावर आली. म्हटलं, आता तीन तरी काढायला हव्यात. निवडल्या कशा? डोळ्यांनी. ज्या भिकार दिसत होत्या त्या. एकीची पाठ उघडी पडलेली, शेपटी झिजून झाडूसारखी झालेली. दुसरीचे पाय पिवळेधमक होते ते पांढुरके पडलेले, मला वाटलं रक्त कमी झालंय. तिसरी मात्र वजनाला चांगली होती म्हणून घेतली.

आई मोरीजवळ पाटावर बसून साफ करत होती. पहिलीच्या पोटात कवच चढलेलं पूर्ण अंडं निघालं. त्याच्या मागे बलकांचा घोस: एक लहान लिंबाएवढा, एक आवळ्याएवढा, मग बोर, वाटाणा, आणि शेवटी मोहरीसारखे दाणेच दाणे. पुढच्या आठवड्याची अंडी ओळीने लावून ठेवलेली. आईने हात थांबवला आणि एवढंच म्हणाली, "ही घालत होती रे." दुसरीतही तेच. तिसरीत काही नव्हतं, नुसती पिवळी चरबी.

आणि आठवड्याने सरपणाच्या राशीमागे ११ अंडी सापडली. म्हणजे अंडी थांबलीही नव्हती पुरती.

त्या वर्षापासून एक नियम केला. कोंबडीला हात लावून, तोही दोनदा, बघितल्याशिवाय ती काढायची नाही. खाली जे आहे ते त्याच क्रमाने आहे ज्या क्रमाने मी आता शोधतो. क्रम महत्त्वाचा, कारण पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच निम्म्या तक्रारी संपतात.

अंडी खरंच थांबली आहेत का

मोकळ्या सोडलेल्या कोंबडीला खुराड्यातली जागा आवडली नाही की ती स्वतःची शोधते. पेंढ्याची उडवी, सरपण, माळ्यावरची फाटकी गोणी, केळीचा बुंधा. पावसात खुराड्याच्या तळाचं गवत ओलं झालं तर हमखास. उपाय साधा: आठ दिवस सकाळी ११ वाजेपर्यंत कोणालाच बाहेर सोडू नका. बहुतेक अंडी तोवर पडून जातात. अंडी एकदम वाढली तर प्रश्न कोंबडीचा नव्हताच, तुमच्या गवताचा होता.

जुन्या बायका याहून नेमकं काम करतात. सकाळी खुराडं उघडताना एकेकीला धरून बोटाने चाचपतात. अंडं आत लागलं की ती कोंबडी डालग्याखाली, घातलं की मोकळी. माझी आई ९-१० कोंबड्या पाच मिनिटांत चाचपते. मला तेवढ्याच कामाला अर्धा तास लागतो आणि अंगावर ओरखडे येतात ते वेगळे.

चोर असेल तर खुणा वाचा. धामण किंवा नाग अंडं अख्खं गिळतो, मागे काही राहत नाही. मुंगूस फोडून खातं, कवचाचे तुकडे जवळपास पडलेले असतात. कावळा उचलून नेतो. गवत चिकट, ओलं आणि एखादीच्या चोचीला वाळलेला बलक दिसला तर तुमचीच कोंबडी अंडी खातेय. ही सवय मोडायला कठीण. अंडी घालायची जागा अंधारी करा, दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, कवच पातळ पडत असेल तर शिंपल्या वाढवा. अंड्यात तिखट भरून ठेवायचा उपायही गावोगाव सांगतात. माझ्याकडची एक ते खाऊन पाणी प्यायली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर झाली. महिनाभर प्रयत्न करूनही खात राहिली तर ती काढावी, कारण तिचं बघून बाकीच्या शिकतात.

खुडूक आहे की आजारी?

नवख्या माणसाची घाबरगुंडी उडते ती इथे. कोंबडी दिवसभर एका जागी बसून आहे, पिसं फुगवलेली, जवळ गेलं की गुरगुरते, खात नाही, विष्ठा एकदम मोठी आणि घाण वासाची. लोक औषध विचारायला येतात. ती खुडूक झालीय, एवढंच.

गावरान कोंबडी १२ ते १८ अंडी घालते आणि खुडूक बसते. २१ दिवस उबवणी, पुढे दोन-तीन महिने पिल्लांमागे फिरणं. वर्षात असे तीन-चार फेरे झाले की ४०-७० अंडी होतात, त्याहून जास्तीची अपेक्षा तिच्याकडून ठेवू नका. गिरिराज-वनराज सहसा बसत नाहीत. त्यांच्यातली उबवणीची ओढ निवड करून करून कमी केलेली आहे, म्हणूनच त्यांची अंडी परसातही वर्षाला शंभरावर जातात.

पिल्लं नको असतील तर खुडूक मोडायचं. आमच्याकडे नाकात पीस अडकवायचं किंवा गार पाण्यात बुडवायचं असे प्रकार चालायचे. मी ते बंद केले. तिला खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, जमिनीपासून उंच ठेवा. खाणंपाणी पूर्ण द्या, गवत अजिबात नको. पोटाखाली गारवा राहिला की तीन-चार दिवसांत ती उठते. बसल्याच्या दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात घातली तर लवकर सुटते, दहा दिवस बसू दिली तर तितकेच दिवस डोकं खाते. त्यानंतर पुन्हा अंडं यायला दोनेक आठवडे लागतात, तोवर तिच्यावर चिडायचं नाही.

रात्रीची तपासणी

चोरी नाही, खुडूक नाही, तरी अंडी कमी आहेत. आता विजेरी घ्या आणि रात्री आठनंतर खुराड्यात जा. अंधारात कोंबडी शांत असते, दांडीवरून उचलली तरी फडफडत नाही. सोबत एक माणूस वही घेऊन हवा. प्रत्येकीच्या पायात वेगळ्या रंगाचा लोकरीचा दोरा बांधा. नावं ठेवू नका, नावं ठेवली की पुढचं काम होत नाही. घरी लहान मुलं असली तर ती ठेवतातच, त्याला इलाज नाही.

कोंबडी काखेत धरा, डोकं मागे, शेपटी तुमच्यापुढे. शेपटीखाली जिथून अंडं बाहेर येतं त्या अंड्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक टोकदार हाडं लागतात. घालणाऱ्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन ते तीन बोटं आडवी बसतात आणि हाडं लवचीक असतात. न घालणारीत जेमतेम एक बोट जातं, हाडं ताठ. मग छातीच्या हाडाच्या मागच्या टोकापासून या दोन हाडांपर्यंतचं अंतर बघा. घालणारीत तीन-चार बोटं, आणि पोट मऊ, मळलेल्या कणकेसारखं. अंड्याची जागा रुंद, ओलसर, फिकी. न घालणारीची आवळलेली, कोरडी, पिवळसर.

आता पायांचं. मी ज्या फिक्या पायांना अशक्तपणा समजलो ती खरं तर कामाची पावती होती. पिवळ्या पायांच्या कोंबडीत खाण्यातला पिवळा रंग अंगात जाण्याऐवजी बलकात जायला लागतो. आधी अंड्याच्या जागेचा पिवळेपणा जातो, मग डोळ्याभोवतीचा, कानाच्या पाळीचा, मग चोचीचा आणि सगळ्यात शेवटी पायांचा. पाय पांढरे पडले म्हणजे बाई कित्येक महिने सलग घालतेय. अंडी थांबली की रंग याच क्रमाने परत भरतो. ही खूण काळ्या किंवा मुळातच पांढऱ्या पायांच्या गावरान कोंबडीला लागू नाही. तुऱ्याचंही तसंच. लालभडक, मऊ, तजेलदार तुरा चांगला, सुकलेला खपली धरलेला वाईट. पण कडकनाथचा तुराच काळपट असतो, तिथे बोटांवरच भरवसा ठेवा.

आणि पिसं. वर्षभर राबलेल्या कोंबडीची पिसं झिजतात, तुटतात. चकचकीत, गोल, गुबगुबीत दिसणारी जी असते ती बहुतेक आयती खाणारी. आपली नजर नेमकी उलटी शिकलेली आहे.

एका रात्रीवर निकाल देऊ नका. अंड्यांच्या दोन बॅचच्या मधला खंड असू शकतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा बघा, दोन्ही वेळा एकच बोट गेलं तर वहीत खूण करा.

पिसं झडण्याचा काळ

पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या पुढेपर्यंत खुराड्यात उशी फाटल्यासारखी पिसं पडतात. वर्षातून एकदा जुनी पिसं टाकून नवी आणण्याचा हा काळ, आणि यात दोन ते तीन महिने अंडं नाही म्हणजे नाही. या काळात कोंबडी काढणं म्हणजे आंब्याला पालवी आली म्हणून झाड तोडणं.

तरी यातूनही कळतं बरंच. पंख उघडून बाहेरची १० मोठी पिसं बघा. चांगली घालणारी उशिरा झडते आणि तीन-चार पिसं एकदम टाकते, पटकन मोकळी होते. आळशी कोंबडी लवकर सुरुवात करते, एकेक पीस गाळत बसते आणि महिनोन्‌महिने त्यातच. ऑगस्टमध्येच झडायला लागली आणि डिसेंबरातही अर्धवट, तर तिच्या नावापुढे खूण.

पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात. म्हणून या दिवसांत दाणे वाढवून उपयोग नाही, प्रथिनं वाढवायची. आमच्याकडे जवळा स्वस्तात मिळतो, १९ कोंबड्यांना दोन मुठी दिवसाआड. खारवलेले मासे मात्र देऊ नका. मिठाने त्या पाणी पीत राहतात, पातळ शी करतात, जास्त झालं तर मरतात. कोकणाबाहेर असाल तर वाळवी. मडक्यात शेण आणि पेंढा भरून, थोडं ओलं करून, वारुळाजवळ रात्रभर पालथं घालायचं. सकाळी कोंबड्यांपुढे उपडं केलं की जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते.

दिवसाच्या लांबीचा मुद्दाही इथेच. अंड्यासाठी साधारण १४ तास उजेड लागतो. इकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा, जूनमध्ये १३ च्या थोडा वर, त्यात आषाढाचे ढग. सुधारित जातींना पहाटे साडेचारपासून एक साधा एलईडी दिवा लावला तर फरक पडतो. संध्याकाळी लावू नका, दिवा गेला की ज्या दांडीवर चढल्या नाहीत त्या अंधारात खालीच राहतात. आणि वीज रोज वेळेवर राहणार नसेल तर हा उद्योगच नको, कारण उजेडाची वेळ आज एक, उद्या दुसरी झाली की त्या आणखी बिघडतात. गावरानसाठी मी हे करतच नाही. त्यांना दोन महिने सुट्टी.

खाण्यातली चूक

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त तक्रारी शेवटी इथे येऊन थांबतात. आणि चूक बहुतेक एकच: भात.

उरलेला भात, कणी, वर मूठभर मका. कोंबडी पोटभर खाते, वजन धरते, मालक खूश. पण तांदळात प्रथिनं ७-८ टक्के, मक्यात ८-९. अंडी घालणारीला १६-१७ टक्के लागतात. मोकळ्या परसात किडे-गांडुळं मिळून ती तूट भरून निघते. पावसात दिवसभर आडोशाला उभ्या राहिल्या, किंवा शेजारी कुंपण घातलं आणि फिरणं बंद झालं, की भाताचं पितळ उघडं पडतं. पोटाखालची कातडी चिमटीत धरून बघा. जाड, गुळगुळीत थर लागला तर ती लठ्ठ आहे. अशीला उपाशी ठेवायचं नाही, दाणे निम्मे करायचे आणि शेवग्याचा पाला, अझोला ही पाण्यावर वाढणारी वनस्पती, सुकट असं चालू ठेवायचं. सोयाबीन घालणार असाल तर भाजूनच घाला, कच्च्यातली प्रथिनं त्यांना पचत नाहीत.

दुसरी तूट चुन्याची. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. ते खाण्यातून आलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते, मग कवच पातळ, मग मऊ कातडीचं अंडं, मग अंडं बंद आणि कोंबडी पायावरून जाते. लेयर मॅशमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या विकतच्या खाद्यात, कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, ग्रोअरमध्ये, म्हणजे वाढत्या वयाच्या खाद्यात, एक टक्का. इथे दोन चुका होताना दिसतात: घालणाऱ्यांना ग्रोअर देणं, आणि पिल्लांना किंवा तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, लेयर देणं. दुसरी जास्त वाईट, लहान वयात एवढा चुना मूत्रपिंडं बिघडवतो.

आमचा कळप मिश्र आहे, कोंबडे आहेत, तलंगा आहेत. म्हणून मी सगळ्यांना ग्रोअर देतो आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवतो. जिला लागतो ती खाते, कोंबडे बघतही नाहीत. शिंपल्या चुलीत भाजून कुटतो, पण पीठ करत नाही. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. कवच चढतं रात्री, तेव्हा कोंबडी काही खात नसते. मोठा तुकडा पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, रात्रभर झिजत राहतो, भुकटी संध्याकाळीच निघून जाते.

पेंड पावसाळ्यात फार जपून. शेंगपेंडीला किंवा मक्याला कुबट वास आला, दाण्यावर हिरवट काळी बुरशी दिसली, तर टाकून द्या. धुऊन, वाळवून चालत नाही, बुरशीचं विष राहतंच आणि यकृत जातं. पोतं जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, भिंतीला लागू देऊ नका, १५-२० दिवसांचंच आणा. स्वस्त मिळालं म्हणून मी एकदा जूनमध्ये अख्खं ५० किलोचं पोतं घेतलं होतं. अर्धं खड्ड्यात गेलं.

उन्हाळ्याचं थोडक्यात: एप्रिल-मेमध्ये त्या खातच कमी, धापा टाकतात, कवच पातळ होतं. खाणं पहाटे आणि दिवेलागणीला, पाणी सावलीत, मातीच्या परातीत, दोन ठिकाणी. एक दिवस पाणी आटलं तर त्याचा हिशोब पुढे आठवडाभर चुकवावा लागतो.

हे सगळं ठीक असूनही कोंबडी हलकी लागते, तुरा फिका आहे, तर जंत, उवा किंवा लाल किडे. विजेरी दांडीच्या खालच्या बाजूला आणि लाकडाच्या फटीत मारा. दिवसा न दिसणारे लाल किडे रात्री रक्त प्यायला बाहेर येतात, बोट फिरवलं की लाल रेघ उठते. खुराडं रिकामं करून चुना, फटी जाळून काढणं, राखेचा खड्डा. जंताचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून घ्या, आणि त्यानंतर किती दिवस अंडी-मटण खायचं नाही ते तिथेच विचारून घ्या.

मग कोण काढायची

कोंबडी सांभाळली तर ६-८ वर्षं जगते. घालते चांगली पहिली दोन वर्षं, मग दरवर्षी उतरत जाते. सुधारित जाती झपाट्याने उतरतात, गावरान हळूहळू. मोठ्या व्यावसायिक फार्मवर ७२ ते ८० आठवड्यांना सगळा लॉट बाहेर काढतात. ते गणित परसात आणू नका. तिथे प्रत्येक ग्रॅम विकतचा असतो, इथे अर्धं ती उकरून आणते.

आपलं गणित हे. माझ्याकडे एका कोंबडीला दिवसाला सरासरी ७० ग्रॅम विकतचं खाणं लागतं, महिन्याला २ किलो १०० ग्रॅम. मला ते मिसळून किलोला ३५ रुपये पडतं, म्हणजे महिना साधारण ७४ रुपये. गावरान अंडं दारात १२ रुपयांनी जातं. सात अंडी झाली की तिचा खर्च निघाला. म्हणून तीन वर्षांची कोंबडी महिन्याला ९-१० घालत असेल तर तिला "म्हातारी" म्हणून काढण्यात काही अर्थ नाही. तुमचे भाव घालून तुमचा आकडा काढा, तो सातच्या जागी पाच किंवा नऊ येईल, पण एक आकडा हातात हवा. पिसं झडण्याचे आणि पिल्लांचे महिने सोडून सरासरी धरा.

सगळ्यात आधी काढायचे ते कोंबडे. उबवलेल्या पिल्लांत निम्मे नर निघतात, आणि लोक ते वर्ष-वर्ष खाऊ घालतात. ८ ते १० कोंबड्यांमागे एक पुरे. जास्त झाले की कोंबड्यांच्या पाठी सोलून निघतात, त्या घाबरून खायलाही खाली उतरत नाहीत. पाच-सहा महिन्यांचा झाला, नीट आरवायला लागला की त्याचं ठरवून टाका. ठेवलेला कोंबडाही दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावातल्याशी बदला, नाहीतर बाप-लेकींची पिल्लं होऊन अंडी वांझ निघायला लागतात.

मग वहीतल्या दोन खुणांवाल्या. मग न सुटणारी अंडीखाऊ. पोट फुगून पेंग्विनसारखी ताठ उभी राहणारी कोंबडी दिसली तर तिच्या पोटात बलक सांडून सडतोय, ती बरी होत नाही, तिला त्रासातून सोडवा आणि पुरा. खाऊ नका.

आजारी कोंबडी "मरायच्या आधी कापून खाऊ" हा विचार मात्र डोक्यातून काढा. मान पिरगळणं, हिरवी शी, एकामागून एक मरणं ही मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लक्षणं. ५-७ दिवसांच्या पिल्लाला लासोटा लशीचा थेंब, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी लशीचं इंजेक्शन, एवढं केलं असतं तर हा प्रसंग आला नसता. एक पाय पुढे, एक मागे अशी पसरून पडली तर मरेक्स रोग, त्याला औषध नाही. आणि एकाच दिवशी तीन-चार कोंबड्या, बाहेर कावळेही मरून पडलेले दिसले, तर कापू नका, विकू नका, शेजारी देऊ नका; पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात बर्ड फ्लू आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या.

केव्हा काढायची हे आपल्याकडे पंचांग ठरवतं. गटारीला, शिमग्याला, जत्रेला, राखणीला कोंबड्याला तुम्ही म्हणाल तो भाव. श्रावण लागला की गिऱ्हाईकच नाही, पुढे गणपती, मग नवरात्र. म्हणून माझी पहिली तपासणी ज्येष्ठात, दुसरी आषाढाच्या पहिल्या आठवड्यात. श्रावणात लक्षात आलेली आयतोबा कोंबडी दसऱ्यापर्यंत तुमच्या खर्चाने जेवते. जिवंत विकणार असाल तर "घालतेय" म्हणून विकू नका. गाव लहान असतं.

कापायची असेल तर आदल्या रात्रीच दांडीवरून अलगद उचलून वेगळी ठेवा, दाणे बंद, पाणी चालू. सकाळी बाकीच्यांच्या नजरेआड, धारदार सुरीने, एका झटक्यात. तीन वर्षांच्या कोंबडीला चुलीवर दोन-अडीच तास लागतात, कुकरच्या चार शिट्ट्यांत ती ऐकत नाही. रस्सा मात्र तिचाच.

एक काळी कोंबडी या सगळ्या हिशोबाबाहेर आहे. सहा वर्षांची, आईची. वर्षाला वीस अंडीही घालत नसेल. पण आजवर तिच्याखाली ठेवलेली अंडी फार थोडी वाया गेली, आणि घार आली की तीच पहिली ओरडते. तिच्या पायात मी दोरा बांधला होता. आईने दुसऱ्या दिवशी सोडून टाकला.

यंदाच्या गटारीला चार काढल्या. चौघी दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या. तिघींच्या पोटात काहीच नव्हतं. चौथी, पिवळ्या दोऱ्याची, तिच्यात मोहरीपेक्षा थोडे मोठे दाणे होते, दोन-तीन वाटाण्याकडे निघालेले. आईने ते मला दाखवले आणि काही बोलली नाही. वहीत बघितलं तर दुसऱ्या तपासणीला तिच्यापुढे "दीड बोट?" असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, प्रश्नचिन्हासकट.